फलाटावरचं सीमांतपूजन

बंद पडलेल्या आगगाडीवर इतका जीव लावणारा माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर देव करो, तो आमच्या नात्यात नसो. एक पुरे आहे. हे माझ्या बायकोचे मामा. राहतात अंजनगाव सुर्जीला, स्टेशनाच्या पाठीमागे. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी छोटी लाइन बंद होऊन वर्षं झाली, रुळांमध्ये बाभळी माजल्या, फलाटावर शेळ्या रवंथ करतात. पण मामांच्या घरात स्वयंपाकघर अजून 'अप'ला आणि न्हाणी 'डाऊन'ला आहे. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा ओला टॉवेल कुठे घालू म्हणून विचारलं, तर म्हणाले, "टाका नं डाऊनच्या अंगाले, जवाईबापू." मी नवा जावई, पुन्हा विचारायची सोय नाही. टॉवेल खांद्यावर टाकून अंगणात नुसता फिरत राहिलो.

मामांना लाइनीचा इतिहास विचारावा लागत नाही. चहाचा कप हातात आला की तो आपोआप सुरू होतो, आणि कप रिकामा झाला तरी थांबत नाही. "इंग्रजानं लाइन टाकली ते काय तुमच्या-माह्या सोयीसाठी? त्याले कापूस पायजे होता. आपले लोक नंतर बसले, कापसाच्या गाठीवर बसल्यावानी." मग फाटकाची गोष्ट. फाटक आलं की गाडी थांबायची, इंजिनावरचा माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की पुन्हा उतरून उघडायचा, आणि मग सावकाश चालत येऊन गाडीत बसायचा. गाडी तोवर उभी. कुणाची म्हातारी मागे राहिली असेल तर तिच्यासाठीही उभी. "धावत जाऊन धरा लागते ते काय गाडी होय?" हे मामांचं ठाम मत, आणि त्याला जागून ते आयुष्यात कधी धावले नाहीत. रूळ ओलांडताना मात्र आजही दोन्हीकडे बघतात. एकदा मी स्कूटर तशीच घातली तर मागून माझी कॉलर धरली. म्हटलं, मामा, गाडी कुठे आहे आता? तर म्हणाले, "रूळ हायेत नं? पाहून जा." समोरून एक बकरी आली, ती जाऊ दिली, मग आम्ही गेलो.

अशा माणसाच्या नातीचं लग्न ठरलं, अकोल्याच्या मुलाशी, कार्य अंजनगावलाच. मुलाकडची मंडळी गावाच्या शिवेवर पोचली की त्यांचे पाय धुऊन, ओवाळून घ्यायचं, ते सीमांतपूजन. मामांच्या बहिणींचं आणि मुलींचं ते स्टेशनाच्या फलाटावर झालं होतं, कारण व्याही गाडीनेच यायचे. आता सगळ्यांचं म्हणणं, कार्यालयाच्या दारात उरकू. मामा ऐकेनात. "कार्यालयाच्या दारात शीव असते काय?" पुष्कळ वाद झाला. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "घरातली ही शेवटची पोरगी हाये बापा. हिच्यामागं त्या फलाटावर कोन उतरणार हाये?" ठरलं, फलाटावरच. बाभळी तोडायचं काम अर्थातच जावयाकडे आलं. हातांची चाळण झाली, काय सांगू!

लग्नाच्या आदल्या दिवशी फोन आला, वऱ्हाड मूर्तिजापूरहून निघालं. मी फलाटावर सतरंज्या अंथरत होतो. घरी, हे मला नंतर कळलं, सगळ्यांची लगबग सुरू झाली, तर मामांनी हात वर केला. "बसा निवांत. आता कुठी लाखपुरी टेशन येईन. मंग दर्यापुरात अर्धा घंटा उभी राहीन. चहा टाका." आणि स्वतः तासाभराने सावकाश दाढीला बसले. आणि मजा अशी की साऱ्या घराने ऐकलं! मामीसुद्धा चहा घेत बसल्या. बस रस्त्याने भरधाव येते, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्या घरात वऱ्हाड नेहमी छोट्या लाइनीच्याच चालीने आलेलं.

बस आली तेव्हा फलाटावर मी एकटा. एका हातात झाडू. नवरदेवाची आत्या खाली उतरली, इकडेतिकडे बघितलं आणि कडाडली, "पोरीवाले कुठी हायेत? काट्यात उतरवून पळाले काय? फिरवा हो बस!" मी मामांना फोन लावला तर पलीकडून शांतपणे, "इतक्यात कशी येईन?" पोरीचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत मोडत होतं. ड्रायव्हरने खरंच इंजिन सुरू केलं; ते फोनमधून मामांनाही ऐकू गेलं असावं. नवरदेवाची आजी तेवढी फलाटावरच्या बाकावर जाऊन बसली, ती काही उठेना.

तेवढ्यात मामा आले. धावत! अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर साबण, धोतराचा सोगा हातात. मागे मामी ओवाळणीचं ताट सांभाळत, त्यांच्यामागे धापा टाकत बॅन्डवाले. व्याह्यांसमोर मामांनी हात जोडले. म्हणाले, "लय वेळ झाला काय जी तुमाले येऊन?"

आत्याने तोंड उघडलं, तर आजीने तिचा हात दाबला. "कायचा वेळ, भाऊ? आताच तं उतरलो. गाडीच लेट आली तुमची."

रिवाज असा की आधी नवरदेवाचे पाय धुवायचे. मामा तांब्या घेऊन गेले ते सरळ आजीपुढे, आणि बसले खाली. तिच्या सुजलेल्या पायांवर पाणी घालत होते आणि हमसून रडत होते, साबणासकट. पाय धुऊन कधीच झाले होते, तरी त्यांना उठवत नव्हतं. आणि बूट-मोजे हातात घेऊन नवरदेव अनवाणी, आपली पाळी येईपर्यंत गुपचूप उभा राहिला.