डोहात लावलेली मोटर

मंडळी, आज मले खरंच किळस आली, म्हणून लिहून राह्यली.

सकाळच्या शाळेत सातवीले समुद्रातल्या प्रवाळावरचे रंगीत मासे शिकवले. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होते. मासे भराभर श्वास घेतेत, आणि जमलं त खालच्या थंड पाण्यात जातेत.

मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "बाई, आपल्या बोडीतले मासे बी डोहातच जातेत."

मी तिले शाबासकी दिली.

शाळा सुटल्यावर बोडीच्या पाळीवरूनच, म्हंजे बांधावरूनच, घरी निघाली. धानाले पाणी देणारा हा आमचा लहानसा तलाव. उन्हाळ्यात आटते, पण मधल्या खोल डोहाले कोणी हात लावत नाई. तेवढे मासे बियाण्यासाठी राखायचे, ही गावाची जुनी रीत. आज तिथी पाणी उपसायची मोटर लागली होती. चिखलात मासे तोंड उघडून तडफडत होते आणि आमचेच शेजारी हसत हसत व्हिडिओ काढून राह्यले होते.

"भाऊ, हे काऊन?" मी विचारलं.

"उन्हानं मरणारच होते, बाई. मंग खाल्ले त काय बिघडलं?"

शी! जीव वाचवाले मासा कुठी लपते, हे आपल्याले माहीत आहे. म्हणूनच मोटर बरोबर तिथी लावतो.

घरी आली, त शेजाऱ्यानं सकाळीच पाठवलेला माशांचा वाटा घरच्यांनी कढईत शिजवून ठेवलेला. भूक लागली होती. मी जेवली.

हाताचा वास अजून गेला नाई. उद्या ती पोरगी विचारीन, "बाई, डोहातले मासे कुठी गेले?"

सांगा, काय सांगू तिले?