प्रतिभाकाकूंचा लांबलेला सीन

उज्जैनच्या मराठी मंडळींत प्रतिभाकाकू लघाटे यांना न ओळखणारा माणूस सापडणं कठीण. नोकरी टेलिफोन खात्यात झाली, पण नाव झालं ते गणेशोत्सवातल्या नाटकांनी. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेत शब्द न् शब्द ऐकू जावा, असा आवाज. यजमान दिलीपराव म्हणायचे, "आमच्या घरी फोन कशाला? ही नुसती खिडकी उघडते."

म्हणूनच गावातल्याच माधवनगरचा आदित्य पुण्यात सिनेमाचं शिक्षण घेऊन परतला आणि त्याने हिंदीत एक लहानसा सिनेमा काढायचं ठरवलं, तेव्हा आईच्या कामासाठी तो थेट काकूंकडे आला. गोष्ट जवळच्याच भैरवगडच्या, कापडावर ठसे उठवणाऱ्या एका छपाईवाल्याच्या घरातली. तरणाताठा मुलगा जातो आणि मागे आई उरते, एवढीच. सगळा भार एका प्रसंगावर होता. अंगणात काम करत बसलेल्या आईला मुलगा गेल्याची बातमी कळते.

भैरवगडच्याच एका अंगणात कॅमेरा लागला, आणि काकूंनी पहिल्याच वेळी हंबरडा फोडला. नाटकात टाळ्या पडल्या असत्या. आदित्य मात्र डोकं खाजवत जवळ आला.

"काकू, कॅमेरा तुमच्यापासून हातभर लांब आहे. तुम्ही पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, नानाखेड्याला ऐकू जाईल असं रडताय."

पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं. आवाज कमी केला तर चेहरा जास्त व्हायचा, चेहरा आवरला तर हात नाचायचे. दुपार कलली, घसा बसला. शेवटी आदित्य म्हणाला, "असू द्या, उद्या बघू," आणि लांब जाऊन फोनवर भोपाळच्या कुणा अभिनेत्रीची चौकशी करायला लागला. काकूंना ते ऐकू आलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून काम काढून घ्यायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

"आदित्य," त्या म्हणाल्या, "मला हरभऱ्याचे घाटे मागव. एकदा करून बघते. नाही जमलं तर बोलव तिला."

घाटे आले. काकू सोलत बसल्या. दाणे वाटीत, टरफलं शेजारच्या कागदावर. शेजाऱ्याचं काम करणाऱ्या नटाने येऊन बातमी सांगितली. काकूंनी मान वर केली, ऐकलं, आणि पुन्हा सोलायला लागल्या. हात थांबले नाहीत. फक्त आता दाणे कागदावर पडत होते आणि टरफलं वाटीत. एक घाटा, मग दुसरा, मग पुढचा. वाटी टरफलांनी भरली तेव्हा त्यांनी तिच्यावरून अलगद हात फिरवला. कुणी 'कट' म्हणेना. आदित्यने येऊन पाय धरले.

"काकू, हे कुठून आणलंत?"

"सुचलं," काकू म्हणाल्या.

सुचलं नव्हतं. ते जयूचं होतं.

जयू म्हणजे दिलीपरावांची धाकटी बहीण, नानाखेड्याला राहणारी. तिचा एकुलता एक ओंकार इंदूर रोडवर मोटारसायकलच्या अपघातात गेला, त्या दुपारी काकू सहज तिच्याकडे गेल्या होत्या. समोरचे शर्माजी दारात येऊन कसंबसं म्हणाले, "दीदी, अपना ओंकार नहीं रहा." जयू रडली नाही, उठली नाही. घाटे सोलत राहिली, दाणे केरात आणि टरफलं वाटीत. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्याही सुन्न झाल्या होत्या, आणि तरी मनाचा एक कोपरा शांतपणे बघत होता आणि म्हणत होता, असं असतं होय! त्या कोपऱ्याची काकूंना नंतर अनेकदा शिसारी आली होती. त्या दिवशी भैरवगडला मात्र त्यांनी त्याच्यापुढेच हात पसरला.

चूक सुधारायची एक संधी मिळालीही. आवाज भरायला काकू गेल्या तेव्हा संकलन करणारी देवश्री वैतागली होती. "सीन फार लांबतोय, लोक उठून जातील. टरफलाचं एकदा दाखवू आणि कापू." आदित्य म्हणाला, "काकू, तुम्ही म्हणाल तसं."

काप, एवढं म्हटलं असतं तर पडद्यावर क्षणभर काहीतरी हिरवं दिसलं असतं आणि गेलं असतं. पण काकूंनी तो तुकडा पाहिला होता. इतकं चांगलं काम आपल्या हातून पूर्वी झालं नाही आणि पुढे होणार नाही, हे त्यांना लख्ख कळलं होतं.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

माधवनगरातल्या एका सभागृहात सिनेमा दाखवला, तेव्हा जयू ठेवणीतली साडी नेसून आली. "वहिनी, मी तुझ्याजवळच बसणार हं!" काकूंनी तिला टाळायचा प्रयत्न केला होता. सिनेमा दुःखाचा आहे, तुला त्रास होईल, असं सांगून पाहिलं होतं. जयू म्हणाली होती, "माझ्या वहिनीचा सिनेमा आणि मी घरी बसू? काहीतरीच तुझं."

तो प्रसंग सुरू झाला आणि काकूंनी पडद्यावरची नजर काढली. नुसती जयूच्या श्वासाकडे कान लावून बसल्या. जो संथपणा त्यांनी हट्टाने राखला होता, तो आता छातीवर बसला. किती वेळ सोलते आहे ही बाई! आटप ना ग. पण पडद्यावरची बाई आटपत नव्हती, कुणी तिला कापलंच नव्हतं. जयूचा श्वास एकदा अडकला, आणि पुन्हा सुरू झाला.

शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. जयूनेही वाजवल्या. "डोकं दुखतंय," म्हणाली आणि रिक्षा करून निघून गेली.

मग तिचा फोन येईना. दिलीपराव म्हणाले, "ओंकारची आठवण आली असेल, दुसरं काय?" ओंकार गेला त्या दुपारी ते परस्पर दवाखान्यात गेले होते, जयू घरी काय करत होती ते त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. काकूंनी त्यांना सांगितलंही नाही. लोक अभिनंदनाला यायचे, "काय संयम, काय ठहराव!" म्हणायचे, आणि काकूंना पेढा गिळवत नसे.

शेवटी एका सकाळी त्या नानाखेड्याला गेल्या. जयूने दार उघडलं, पाणी दिलं, समोर बसली.

"मला त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं, वहिनी," तीच बोलली. "सिनेमात पाहिलं आणि कळलं, ही तर मी."

"जयू, मी आदित्यला सांगते. तो तुकडा काढून टाकायला लावते."

"काढून काय होणार? मी तर बघून बसले ना." मग तिने विचारलं, "मी दाणे केरात टाकत होते, तेव्हा तू माझा हात का नाही धरलास?"

मी सुन्न झाले होते, मला सुधरत नव्हतं, अशी उत्तरं काकूंनी रिक्षात घोकली होती. ती खोटीही नव्हती. पण तोंडातून निघालं ते असं, "मी बघत राहिले ग."

जयूने मान हलवली. रागावली नाही, तेच काकूंना सोसेना.

"काम छान झालंय," जयू म्हणाली. "खरंच. पण तू इतकं बघितलंस, तर मला पुढचंही सांग. त्याला घरी आणलं तेव्हा मी जवळ गेले का? त्याच्याशी काही बोलले का? सगळे म्हणतात, कशाला उकरतेस. तू सांग."

मग काकूंनी सांगितलं. जयू त्याच्या उशाशी कशी बसली, त्याच्या शर्टाची कॉलर तिने कशी सरळ केली, "ऊन लागतंय त्याला," म्हणून पडदा ओढायला कसं सांगितलं. आवाज चढवला नाही, थांबल्या नाहीत, गाळलं काही नाही. जयू ऐकत होती. ऐकताना तिची खालची पापणी बारीक थरथरत होती, आणि काकूंच्या मनाच्या त्या कोपऱ्याने ते तत्काळ टिपलं. काकूंनी नजर फरशीवर नेली आणि उरलेलं सगळं फरशीकडे बघत सांगितलं.

पुढे जयू पूर्वीसारखी यायला लागली, दिवाळीला चकल्यांना मदत करून गेली. आदित्य नवीन गोष्ट घेऊन आला, तेव्हा काकूंनी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. का, ते त्याला कळलं नाही. गणपतीच्या नाटकात मात्र त्या अजून उभ्या राहतात, शेवटच्या रांगेत ऐकू जाईल अशा जुन्या मोठ्या आवाजात. हल्लीची मुलं म्हणतात, काकू जरा जास्तच करतात.