कृष्णाबाईचं खळं

मी मराठीचा मास्तर. अंधेरीच्या शाळेत तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा ओढल्या. माझी स्वतःची एक चूक मात्र सरकारदप्तरी कायमची जमा आहे.

कृष्णाबाई शेजारच्या कोळीवाड्यातली, विधवा, तोंडाने फटकळ. चोपून टणक केलेल्या एका जागेवर ती जवळा सुकवायची. सकाळी पसरायचा, उन्हात हलवायचा, संध्याकाळी झाडून रास करायची. त्यावरच तिचं पोट होतं.

चौऱ्याऐंशी साली मोजणीवाले आले. रिकाम्या जागा सरकार घेणार, वापरात असेल त्याने अर्ज करावा, असं सांगून गेले. कृष्णाबाई अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आली. जागेला ती 'खला' म्हणाली, तर मी आधी तिचा ळ सुधारला. मग विचारलं, खळं तर शेतकऱ्याचं, तुमच्यात कसं आलं? तिने सांगितलं, आजेसासऱ्याच्या वेळी मागे भातशेती होती, भात तिथेच झोडायचे. शेती गेली, जागा राहिली. तिच्यावर जवळा पडायला लागला, पण नाव बदललं नाही.

मी हरखलोच. अर्जात सगळं पांडित्य पाजळलं: 'खळे, मूळ संस्कृत खल, म्हणजे धान्य मळण्याची जागा.' जवळ्याचं नावही घेतलं नाही. साहेबाच्या टेबलावर सुक्या मासळीचा वास कशाला, असं वाटलं मला. खरं तेच सांगतो. तिने विश्वासाने खाली अंगठा उठवला.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. 'परिसरात भातशेती नाही, सबब खळे वापरात नाही. जागा रिकामी.' मी तिला फक्त अर्ज नामंजूर झाल्याचं सांगितलं.

"मास्तर, जवला लिवलास ना?"

"लिहिला होता," मी म्हणालो.

नंतर मी दुसरा अर्ज केला, कचेरीत खेटे घातले. साहेब दर वेळी पहिल्या अर्जावर बोट ठेवायचा. तुम्हीच लिहिलंय, म्हणायचा. पावसाळ्याआधी जागेला तारेचं कुंपण पडलं.

आता कृष्णाबाई दुसऱ्यांचा सुका जवळा आणून बाजारात विकते. कुणी खळ्याचं विचारलं की सांगते, मास्तरने बरोबर लिवला व्हता, सायबालाच वाचता येत नाय. मी दिसलो की मूठभर जवळा माझ्या पिशवीत टाकते. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागेल, म्हणून मी घेतो.