कुलपावरचं नाव

गेल्या आठवड्यात तुआसला, आमच्या प्लांटवर, मला माझं स्वतःचं लाल कुलूप मिळणार होतं. आणि त्यावर कोणतं नाव कोरायचं हेच ठरेना...

आधी कुलपाचं सांगते. मशीन उघडून काम करायचं तर त्याची वीज तोडून स्विचवर आपलं कुलूप लावायचं. चावी आपल्या खिशात. ते दुसऱ्या कुणी काढायचं नाही, अगदी मॅनेजरनेसुद्धा. मी आतापर्यंत डिझाइनला होते, आता साइटवर आलेय, म्हणून कुलूप.

सुपरवायझर लिम म्हणाले, "शॉर्ट नेम बेटर लाह. जागा एवढीशी."

बरोबर होतं त्यांचं. ऑफिसात मी यशा. ईमेलवर, कॉफीच्या कपावर, सगळीकडे यशा. यशोधरा फक्त पासपोर्टवर आणि पपांच्या तोंडी. तरी मी "उद्या सांगते" म्हणाले आणि दिवसभर स्वतःवरच चिडत राहिले.

यशा हे नाव मी पुण्यात कॉलेजला घेतलं. आम्ही बौद्ध. आमच्याकडे यशोधरा हे नाव मुलीला फार प्रेमाने ठेवतात. पण ते सांगितलं की काही लोकांच्या डोळ्यांत एक बारीक हालचाल होते... मग आडनाव, मग गाव. प्रश्न नावाचा नसतोच.

इथे परदेशात येऊन ते संपेल असं वाटलं होतं. मध्यंतरी इथल्याच बिशान भागात एका मराठी घरी जेवायला गेले होते. काकूंनी आमटी वाढता वाढता विचारलं, "यशा म्हणजे काय गं? यशश्री? यशस्विनी?"

"नुसतं यशा," मी म्हणाले. आमटी चांगली होती. पुन्हा गेले नाही.

लिमना "उद्या सांगते" म्हटलं, त्याच संध्याकाळी पपांना फोन केला. म्हटलं, कुलूप लहान आहे. ते म्हणाले, "मग मोठं कुलूप माग!" आणि स्वतःच हसले. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझं तू ठरव, बाळा. आम्ही ठेवायचं ते ठेवलं." याने तर झोपच उडाली...

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये टिश्यूवर दोन्ही नावं इंग्रजीत लिहून बघत होते, किती जागा लागते ते. समोर थिरी बसली होती. ती म्यानमारची, आमच्याच टीममधली इंजिनिअर. तिने टिश्यू आपल्याकडे फिरवला आणि लांब नावावर बोट ठेवलं.

"हे तू?" ती जवळजवळ ओरडलीच. "माझ्या मावशीचं नाव!" आणि तिने ते तिच्या पद्धतीने उच्चारलं, शेवट लांबवत, घरातल्या माणसाला हाक मारावी तसं. "इतके दिवस सांगितलं नाहीस? यशा काय, यशा!"

मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिले. खांदे ताठ झाले होते, ते मला तेव्हा कळलं.

पुढचा प्रश्न आलाच नाही. थिरी तिच्या नूडल्सकडे वळली आणि मिरची कमी आहे म्हणून कुरकुरायला लागली.

जेवण झाल्यावर मी लिमना पूर्ण नाव कळवलं. "सो लाँग, आह?" ते म्हणाले. अक्षरं बारीक करावी लागली, पण बसली.

काल पहिल्यांदा एका पंपाच्या स्विचवर ते कुलूप लावलं. दुपारी लिमना पंप चालू करायचा होता. नियम असा की कुलपावरचं नाव मोठ्याने पुकारायचं आणि त्या माणसाची वाट बघायची. मी वर प्लॅटफॉर्मवर होते. खालून आवाज आला, "यशो... यशोदा... यशोधरा!"

तिसऱ्या वेळी बरोबर आलं, तेव्हा मी जिना उतरले. थिरीला यातलं काहीच माहीत नाही, पण तिला एकदा भरपूर मिरची घातलेल्या नूडल्स खाऊ घालायच्या आहेत...

माझं नाव पूर्ण घेतल्याशिवाय तो पंप सुरू होत नाही. सध्या एवढं पुरे आहे.