कापड आटलंय, बाकी काही नाही

आमची मावशी शिवणकाम करते. शाळेचे गणवेश शिवण्यात तिचा हात धरणारं आमच्या भागात कोणी नाही, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असल्यामुळे त्यावर कोणी वादही घालत नाही. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात, त्याला शिवणाऱ्यांच्या भाषेत ‘माया’ म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवायची, माया मोकळी करायची, की तोच गणवेश पुन्हा अंगाला येतो. मावशी इतकी माया ठेवते की एका फ्रॉकच्या आत दुसरा फ्रॉक लपलेला असतो.

पूर्वी ही माया खालून मोकळी व्हायची, कारण पोरं उंच व्हायची. हल्ली ती बाजूंनी मोकळी होते. आया पिशवीतून गणवेश काढतात आणि चोरट्या आवाजात म्हणतात, “कमरेत जरा घट्ट होतोय.” मावशी कापड बोटांत चुरगळते, उजेडाला धरते आणि निकाल देते, “कापड आटलंय. बाकी काही नाही.” आईचा चेहरा लगेच खुलतो. आमच्या भागात आजवर एकही मूल जाड झालेलं नाही. कापड तेवढं धडाधड आटलं.

सगळ्यात जास्त आटलं ते बबडीचं. बबडी ही मावशीची नात, चौथीत शिकणारी. मुलगा आणि सून सकाळी कामावर जातात ते दिवेलागणीला परततात, त्यामुळे शाळा सुटल्यावर पोरगी आजीच्या हवाली. इमारतीच्या अंगणात आता गाड्या उभ्या असतात आणि भिंतीवर ‘येथे खेळू नये’ अशी पाटी आहे. म्हणून बबडी मशीनशेजारच्या स्टुलावर बसायची. एका हातात फोन, दुसरा हात वेफर्सच्या पुड्यात. दोरा तुटला, बॉबिन संपली, मशीन थांबलं, की मावशी उठायची आणि बबडीच्या हातावर काहीतरी ठेवायची. बिस्किटं, लोणी लावलेला पाव, गार गोड पेयाची बाटली. मशीन जुनं होतं. वारंवार थांबायचं.

मी शेजारीच राहते आणि मला गप्प बसवत नाही. एकदा म्हटलं, “मावशी, पोरगी एक जिना चढली तरी धापा टाकते गं.”

“तुझ्याच डोळ्यांत खुपतं सगळं,” मावशी फणकारली. “बाळसं आहे ते.”

“बाळसं? चौथीत?”

“आमच्या घरात उशिरा उतरतं.”

मग बबडीच्या मानेवर काळपट पट्टा दिसायला लागला. मावशीने तो मळ ठरवला. दर रविवारी न्हाणीघरात साबण, काथ्या आणि बबडीची किंकाळी असा कार्यक्रम भिंतीपलीकडून मला ऐकू यायचा. मान लाल व्हायची, पट्टा तसाच. शाळेत पोरी ‘मळकी, मळकी’ म्हणून चिडवायला लागल्या, तेव्हा मावशीने कॉलर उंच शिवून दिली. आमच्याकडे प्रश्न असेच सुटतात.

शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि घरच्यांना बोलावणं आलं. सुनेला रजा मिळेना, म्हणून मावशी गेली आणि तिला आवरायला मी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बबडी वजनकाट्यावर उभी राहताच मावशी म्हणाली, “काटा बिघडलाय तुमचा.” बाई मुकाट्याने स्वतः काट्यावर चढल्या. काटा शहाणा निघाला.

“मग हिचे बूट जड असतील,” मावशी म्हणाली. बबडी अनवाणी होती.

बाईंनी मान पाहिली. “आजी, हा मळ नाही. घासू नका, पोरीला उगाच दुखतं. शरीराला साखर झेपेनाशी झाली की मान पुष्कळदा अशी काळवंडते.” मग रक्त तपासून झालं आणि त्यांनी स्वच्छ सांगितलं, “अजून आजार नाही. पण उंबरठ्यावर आहे. आत्ता सावरलं तर सावरेल, नाहीतर हिला लहानपणीच साखरेचा आजार लागेल.”

‘साखर’ म्हटल्यावर मावशीने बबडीचा हात घट्ट धरला. तिचे यजमान, आमचे काका, त्यानेच गेले होते. आधी अंगठा कापला, मग पाऊल. ती जखम मावशीनेच रोज धुतली होती. मला तिचा फार राग होता, पण त्या क्षणी तिच्याकडे बघवेना.

“उपाशी ठेवायचं नाही आणि हिणवायचंही नाही,” बाई सांगत होत्या. “वाढीचं वय आहे. वजन आहे तिथं थांबलं तरी उंचीबरोबर अंग आपोआप आवरेल. तहानेला पाणी, गोड बाटल्या बंद. जेवताना फोन नाही. रोज दमेपर्यंत खेळ आणि वेळेवर झोप. दोष काही एकट्या हिच्या जिभेचा नाही, त्यामुळे नियम घरातल्या सगळ्यांना.”

“सगळ्यांना म्हणजे मलाही?” मावशीने घाबरून विचारलं. तिच्या चहात चमचा उभा राहतो.

घरी आल्यावर मावशीने आधी फोनला शिव्या घातल्या, मग बिस्किटवाल्यांना, मग गाड्यांच्या मालकांना, शेवटी मला. पुडे मात्र तिने स्वतःच्या हाताने फडताळातून काढले. त्या संध्याकाळी तिने मलाही थांबवून घेतलं आणि सगळे एकत्र जेवायला बसलो. बबडीने ताटातलं संपवलं आणि हात आखडला. मावशीचा हात सवयीने पातेल्याकडे गेला, डावावर थांबला.

“पुरे?”

“पुरे.” बबडी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. “आजी, तू रुसणार नाहीस ना?”

“मी कशाला रुसू?”

“नको म्हटलं की तू म्हणतेस, आजी आवडत नाही वाटतं. म्हणून मी खायचे. पोट आधीच भरलेलं असायचं.”

मावशीने पोरीचं ताट उचललं, मोरीत नेलं आणि एवढंसं ताट बराच वेळ धुतलं. परत आली तेव्हा पदराने डोळे पुसत होती.

“उद्यापासून विचारणारच नाही,” ती म्हणाली.

बबडीने थोडा विचार केला.

“विचार गं,” ती म्हणाली. “पण एकदाच विचार.”