विमान आणि कोतवाल बुक

भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत मी जुन्या कागदपत्रांच्या खोलीचा कारकून होतो, आणि सगळ्या नोकरीत मला एकाच वाक्याचा अभिमान होता: 'शोध घेतला असता आढळून आले नाही.' कोणी शोधलं, किती वेळ शोधलं, हे त्यात कुठेच येत नाही. फार सोयीचं वाक्य.

त्या बुधवारी कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर टीव्ही लागला होता. कित्येक वर्षांपूर्वी हरवलेल्या प्रवासी विमानाचा समुद्रात पुन्हा शोध घेणार, अशी बातमी होती. टपरीवाल्याने गाळणी आपटली.

"एवढं मोठं विमान हरपते काय जी? माही म्हैस लाखनीले हायवेवर हरपली, तं तिसऱ्या दिवशी भेटली. यायच्याजवळ तं उपग्रह आहेत!"

"लपवून ठेवलं असन कुठी तरी," बाकावरचा एक जण म्हणाला. "सरकार खरं सांगते काय कधी?"

मला राग आला. सरकार कुठल्याही देशाचं असो, लिहून दिलेल्या गोष्टीला लोक हसले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. समुद्र केवढा, लाटा कशा, वारे कसे, सगळं मी समजावलं. भूगोलात मी कसाबसा पास झालो होतो, पण ते तिथे कोणाला माहीत नव्हतं.

बाकाच्या टोकाला एक म्हातारा बसला होता. त्याला ओळखलं आणि मी तोंड फिरवलं. गेल्याच आठवड्यात त्याच्या अर्जावर मी माझं लाडकं वाक्य लिहिलं होतं. त्याच्या नातीला नर्सिंगला जागा मिळाली होती. जात पडताळणीसाठी कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीतली, त्याच्या बापाची नोंद हवी होती. शुक्रवारपर्यंत नक्कल मिळाली नाही तर पोरीची जागा जाणार होती.

"साहेब, समुद्र मोठाच रायते," म्हातारा म्हणाला. "पन त्या विमानातल्या मानसायचे घरचे म्हनत असतीन, आनखी एकदा पाहा. अन् तुमचं दफ्तर तं एका खोलीतच आहे जी."

सगळी टपरी हसली. मी अर्धा चहा टाकून उठलो.

खोलीत जाऊन फडक्यात बांधलेले कागदांचे बस्ते उपसायला लागलो. वही नाहीच, हे सिद्ध करायला, हे कबूल करतो. त्याच्या गावाचा बस्ता नव्हताच. घाम पुसत पाणी प्यायला गेलो, तर माठ डुगडुगला. उन्हाळ्यात तिवई मोडली तेव्हा मीच माठाखाली एक बस्ता सरकवला होता. त्यावर म्हाताऱ्याच्या गावाचं नाव होतं.

मी तिथेच फतकल मारून बसलो. फार लाज वाटली. आतल्या वहीची कडेची पानं ओलीने चिकटली होती, पण बापाची नोंद सुकी होती.

गुरुवारी म्हाताऱ्याने नक्कल दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. मग विचारलं, "कुठी होतं जी?"

"दुसऱ्या गावाच्या बस्त्यात चुकून बांधलं गेलं होतं," मी सरकारी आवाजात म्हणालो.

त्याने टेबलावरच्या बस्त्याकडे पाहिलं. फडक्यावर माठाच्या बुडाएवढा गोल डाग अजून ओलसर होता. मग त्याने कोपऱ्यात विटांवर ठेवलेल्या माठाकडे पाहिलं.

"म्हंजे टीव्हीवाले खरंच सांगून रायले," तो हसत म्हणाला. "पान्याखालीच रायते."