होडीचं अंथरूण

“ओढू नका रे, उचला! तळ फाटला तर आमी खायाचं काय, दगडं?”

डोळखांबकडच्या धरणाकाठी तो मासेमार असा ओरडला, की तिकडे लांब टोकावड्याला उभ्या एसटीत डुलकी काढणाऱ्या कंडक्टरनं दचकून दोन तिकिटं फाडली असतील. मी गेलो होतो नुसती मासळी घ्यायला. पण रात्रीत धरणाचं पाणी उतरलं आणि त्याची होडी दगडांवर अडकली, म्हणून मलाही इतरांबरोबर जुंपलं.

उन्हाळाभर त्याचं हेच चालतं. पाणी खाली सरकलं, की हा होडी घेऊन त्याच्या मागे. नव्या जागी आधी भाताचा पेंढा, त्यावर फाटके टायर आणि सगळ्यात वर घरातली गोधडी. आमचे खांदे निखळायला आले होते, आणि हा गोधडीवर गाल टेकून खडा टोचतो का ते बघत होता. राजाच्या पोरालाही असला बिछाना मिळाला नसेल. मग त्यानं डांबर लावलेल्या तळावरून बोटं फिरवली. चरा लागला की दाढ दुखल्यासारखं तोंड करायचा.

शेवटी होडी टेकली. तो तिथंच मटकन बसला.

“परवा पानी आजून खाली जाईल,” तो म्हणाला. “मंग परत हेच.”

डोक्यावरून टायर वाहून आणणारी त्याची बायको मला म्हणाली, “बगा भाऊ, लगीन झाल्यापासून मला कदी एवढं अलगद ठेवलं नाय यांनी.”

गोधडीचं टोक सारखं करत तो म्हणाला, “तुला पाय हायेत गो.”